हिरव्या नकाशातलं घर

अर्धा चढ संपला तेव्हा धाकटीचे गुडघे बोलायला लागले. थोरली जाऊ मात्र फोन मुठीत धरून पुढेच चालली होती.

"जाऊबाई, अजून किती वर?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत. देवाला हाक मारायला इतकं चढावं लागत नाही, या फोन कंपनीला लागतं."

थोरली आजाऱ्यांजवळ बसायची. कुणाचे वडील, कुणाची सासू अंथरुणाला खिळली की लोक तिला बोलवत. चमच्याने पेज भरवायची, कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. तिच्या हाताखाली म्हातारी माणसं रागवायची थांबत. नवरा गेल्यावर याच कामावर तिने घर उभं ठेवलं होतं, आणि ते काम यायचं फोनवर.

तिचं घर उंच इमारतीच्या मागे, तळमजल्याला. नव्या कंपनीचा दोन वर्षांचा करार केला आणि घरातली रेंजच गेली. खिडकीत मिठाच्या बरणीला टेकवून फोन ठेवला तर एखादी रेघ दिसायची. मग ती त्याचीही कूस बदलायची. तासाभराने या अंगावर, तासाभराने त्या.

"त्याला पाठीला जखमा होतील म्हणून का?" धाकटी हसायची. थोरलीही हसायची. तेव्हा हसण्यासारखं होतं.

मग तो रविवार आला. थोरलीची सुट्टी होती. ती ज्यांच्याजवळ बसायची त्या मास्तरांना दुपारी घरघर लागली. त्यांची मुलगी घाबरली, फोनवर फोन करत राहिली. इकडे थोरली खिडकीखालीच मटार सोलत बसली होती. फोन बरणीला टेकून गप्प होता.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग.

"बाबा तुमचं नाव घेत होते," मुलगी म्हणाली. "किती फोन केले मी! कुठे होतात?"

"घरीच होते," थोरली म्हणाली. दुसरी एखादी म्हणाली असती, गावाला गेले होते. हिला खोटं सुचलंच नाही.

"घरी होतात, आणि उचलला नाहीत?"

"वाजलाच नाही गं."

मुलीने तोंड फिरवलं. गोष्ट आळीभर झाली. त्यानंतर थोरलीला बोलावणं आलं नाही. लोकांनी बोलवायचं सोडलंय की बोलावणं पोचत नाहीये, हेही तिला कळेना. दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यावं, तर करार संपल्याशिवाय हा नंबर सुटत नव्हता, आणि लोकांना पाठ होता तो हाच नंबर.

कंपनीच्या दुकानातल्या माणसाने रेंजचा नकाशा दाखवला. "ताई, तुमची आळी हिरवी आहे. हिरवं म्हणजे फुल रेंज."

"मी नकाशात राहत नाही हो, भिंतींत राहते."

"मग याच नंबरवरून कस्टमर केअरला फोन करा. रेंज नाही अशी नोंद झाली, की करार मोडता येतो."

म्हणून हा चढ. टाकीपाशी रेघा भराभर उगवल्या. थोरलीने देवाचं नाव घेतलं आणि नंबर लावला. पलीकडे एक मुलगी गोड आवाजात बोलू लागली.

"मॅडम, तुमचा आवाज तर स्पष्ट येतोय. इथे रेंज फुल दाखवतंय."

"अगं, मी टाकीवर आलेय म्हणून! घरी रेंज नसते."

"मग घरून फोन करा, मॅडम. तक्रार नोंदवते."

"घरून लागत असता तर तक्रार कशाला केली असती?"

धाकटीला हसू फुटलं. थोरलीचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

पलीकडच्या मुलीने गोड आवाज सोडला. मग हळूच म्हणाली, "मॅडम, वैयक्तिक कारण टाकलं तर करारातून आज मोकळं करता येईल. नंबरही तुमचाच राहील. रेंज नाही, असं मात्र मला टाकता येत नाही. सिस्टीम घेत नाही."

"तेवढंच तर हवंय मला," थोरली म्हणाली. "फोन लागत नव्हता, एवढं कुणीतरी म्हणा."

पलीकडे फक्त कळफलकाची टकटक.

"टाक बाई," थोरली शेवटी म्हणाली. "वैयक्तिक."

दोघी टाकीवरून उतरल्या. मास्तरांच्या आळीच्या तोंडाशी थोरलीने पाय आखडता घेतला आणि दुसऱ्या रस्त्याला वळली.

"सुटलात ना एकदाच्या," धाकटी म्हणाली.

"सुटले. त्यांच्या दफ्तरी माझ्या घरात फुल रेंज होती, आणि मी उचलला नाही." ती धाकटीकडे वळली. धाकटी मासिकांतून चार ओळी लिहायची, हे तिला ठाऊक होतं. आजवर तिने कधी त्याबद्दल चौकशी केली नव्हती. "माझ्यावर लिहिशील का गं एकदा? फोन वाजला नव्हता, एवढं लिही. आणि मी घरीच होते, हेही लिही. मटार सोलत होते. ते गाळू नकोस."