बिनआकड्याचा बोल्ट

पुराच्या ड्युटीचा हुकूम सकाळी साडेपाचला आला. सात वाजता आमचा ताफा सांगलीकडे निघाला. मी लष्करातला हवालदार मेकॅनिक, वर्कशॉपच्या सहा जणांच्या तुकडीत. गाव माझं सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातलं. सतरा वर्षांच्या नोकरीत ड्युटीवर मी पहिल्यांदाच आपल्या मुलखातून जात होतो. जीप चालवत होता नाईक ड्रायव्हर बाळू शेंडगे. तो आटपाडीचा, मेंढरंवाल्या घरातला. आम्ही नऊ वर्षं एकाच युनिटमध्ये होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुडालेला ऊस बघून तो म्हणाला, "उस्ताद, आमच्याकडं टँकरची वाट बघत्यात आन् हितं घरावरनं होड्या चालल्यात."

सांगलीबाहेर एका शाळेच्या मैदानावर कॅम्प लागला. सहाला फॉल-इन, रांगेत हजेरी. साडेसहाला गाड्यांची तपासणी. नंतर दिवसभर होड्यांची इंजिनं, पंप, जनरेटर. जीप रोज चार-पाच वेळा पाण्यातून जायची आणि चिखलाने भरून परत यायची.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी बाळूने जीप माझ्यासमोर आणून लावली.

"पुढनं डावीकडनं टकटक येतंय. स्टेअरिंग बी वढतंय."

मी खाली शिरलो. पुढच्या पाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, टोक चॅसिसला एका बोल्टने धरलेलं असतं. त्या बोल्टभोवतीचं रबरी बुश संपलं होतं. बुश बदलायचं तर बोल्ट काढायला हवा, आणि बोल्ट जुन्या गंजाने आतल्या नळीत धरला होता.

असा बोल्ट काढायची रीत आहे. तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे. तेल सोडायचं. हातोडीने हलके टोले द्यायचे, थांबायचं, परत तेल सोडायचं. आधी किंचित आवळायचा, मगच सोडवायचा. सगळ्याला वेळ लागतो. मी तेल सोडलं आणि नायब सुभेदार साहेब आले. आमच्या तुकडीचे ते प्रमुख.

"कितना टाइम?"

"तीन घंटे, साहब."

"चार बजे दवाई लेकर गाड़ी निकलनी है. एक घंटा."

दुसरी जीप होडीच्या पार्टीबरोबर पलीकडच्या काठाला अडकली होती. मी पान्याला पाइप लावून जोर दिला. नट निघाला, बोल्ट हलला नाही. शेवटी गॅसची ज्योत लावली. लाल झाल्यावर घणाने ठोकला. तीन वाजून दहा मिनिटांनी तो बाहेर पडला, पण कामातून गेला होता. आमच्या पेटीत त्याच्या जोडीचा नव्हता. सांगलीतली दुकानं पाण्याखाली होती. जवळच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक आणला. जाडी तीच, लांबी तीच. पण चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला असतो, याचं डोकं कोरं होतं.

"साहब, ये नरम है. लोड नहीं लेगा."

"चलेगा. लौटके बदल देना."

बाळू शेजारी उभा होता. "घाला उस्ताद. हळू जातो. माझ्याच मुलखात चाललोय."

मी घातला. मी आवळला. कामाच्या वहीत लिहिलं, 'बोल्ट बदलला, गाडी रस्त्यास योग्य.' खाली माझी सही. 'योग्य' हा शब्द मला कोणी लिहायला सांगितला नव्हता. तो मी लिहिला.

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी सुटली. बरोबर एक रेडिओ ऑपरेटर होता, बावीस वर्षांचा सिपाही. पावणेसहाला त्याचा आवाज आला. "दवाई पोचली. परत निघतोय. ओव्हर."

सहा वाजून चाळीस मिनिटांनी परत त्याचा आवाज आला.

"अॅक्सिडेंट. घाटाखालचं वळण. ड्रायव्हर सीरियस. ओव्हर."

"वाहन? ओव्हर."

"वाहन खतम."

त्यानंतर त्याने ओव्हर म्हटलं नाही.

मी रिकव्हरी पार्टीबरोबर गेलो. जीप मोरीच्या दगडी कठड्यात घुसली होती. बाळूला आमच्या आधीच ॲम्ब्युलन्सने नेलं होतं. तो वाटेतच गेला. ऑपरेटर मागे सेटवर वाकलेला होता, त्याला फक्त धडक आठवत होती. मी गाडीखाली शिरलो. बोल्ट मधोमध तुटला होता. पाटा सुटून डावं चाक मागे सरकलं होतं. एक तुकडा भोकात होता, दुसरा वीस पावलांवर डांबरावर पडलेला. दोन्ही खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसायची होती. साहेबांनी मला तंबूमागे बोलावलं.

"ड्राइवर थका हुआ था, स्पीड ज़्यादा थी. समझा? जो गया, वो गया. तेरी नौकरी बाकी है."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बाळू नऊ वर्षांत एकदाही गाडी पळवताना सापडला नव्हता. आणि आमच्या नोकऱ्या वाचवायला आम्ही त्याच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारणार होतो.

चौकशीच्या टेबलावर मी दोन्ही तुकडे ठेवले. चौकशी करणाऱ्या मेजर साहेबांनी उलटसुलट करून बघितले.

"किसने लगाया?"

"मैंने, साहब."

"किसके ऑर्डर पे?"

"ऑर्डर नायब सुभेदार साहब का. दस्तखत मेरा."

दोघांनाही शिक्षा झाली. माझं प्रमोशन तिथेच थांबलं. बाळूच्या कागदावर 'चालकाचा दोष नाही' असं लिहिलं गेलं. एवढं एकच वाक्य मी मिळवलं, आणि तेही त्याला मारल्यावर.

महिन्याने आटपाडीला गेलो. त्याची बायको सखुबाई दारात शेळीला पाला घालत होती. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ती म्हणाली, "तुमाला ठावं हुतं, त्यो बोल्ट नरम हाय?"

"व्हय."

"तुमी न्हाई म्हणाला असता तर काय झालं असतं?"

"गाडी उशिरा गेली असती. मला शिक्षा झाली असती."

"मग म्हणायचं हुतं की." ती पाला टाकत राहिली. "आता शिक्षा झालीच न्हवं?"

 मी उठलो.

आता खंडाळ्याला हायवेवर माझं गॅरेज आहे. लोक म्हणतात, हा माणूस तिरसट आहे. आहे. गेल्या महिन्यात महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला आला. पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचा बोल्ट गंजाने धरला होता. दोन तासांत त्याचा धीर सुटला.

"आवं, गॅस मारा आन् त्योच परत ठोका. चालतंय की! उद्या पर्यटक हाईत."

मी गाडीची चावी खिशात टाकली. "लाल केलेला बोल्ट परत जात नसतो. नवीन साताऱ्यावरनं येईल. तवर गाडी हलणार न्हाई."

"गाडी माझी हाय!"

"मागं बसणारी माणसं तुझी न्हाईत."

तो शिव्या देत बाहेर जाऊन बसला. मीही दिल्या, त्याच्यापेक्षा जास्त. माझा राग त्याच्यावर नव्हता, पण त्या वेळी समोर तोच होता. संध्याकाळी बोल्ट आला. गाडी चाकांवर उभी करून शेवटचा आवळला आणि मगच चावी दिली.

दरवर्षी बाळू गेला त्या तारखेला मी आटपाडीला जातो. सखुबाई पाणी देते आणि शेळीकडे वळते. दोन वर्षांमागे तिथे घाटाखालच्या गावातली एक म्हातारी आली होती. पुरामुळे अपघाताच्या दिवशी त्यांचं कुटुंब घर सोडून चाललं होतं. म्हशी, दोन सुना, चार नातवंडं, सगळी त्या वळणावर रस्त्याच्या डाव्या कडेला होती. ती सखुबाईच्या हाताला धरून म्हणाली, "गाडी आमच्याच अंगावर येत हुती गं. त्यो हात हालवून वराडला, सरका, सरका. आन् उठूनशान समदं अंग टाकलं स्टेअरिंगवर. उजवीकडं वळवली. कठड्यावर घातली."

नाईक ड्रायव्हर बाळू शेंडगे. वय चौतीस. स्टेअरिंग डावीकडे ओढत असताना त्याने गाडी उजवीकडे नेली. किती जोर लागला असेल, ते मी मेकॅनिक आहे म्हणून मला ठाऊक आहे.