श्रावणीचं दुसरं उत्तर

“दोन्ही ग्लासांत पाणी सारखंच आहे का?” मी विचारलं.

“हो, सारखंच,” श्रावणी म्हणाली.

मी एका ग्लासातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतलं. पाणी बरंच वर चढलं. “आणि आता? सारखंच आहे का?”

तिनं आधी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ह्या उंच्यात जास्त.”

मी मागे वळले. माझ्या आठ विद्यार्थिनी वह्या घेऊन उभ्या होत्या. “बघितलंत? नोंद करा.”

ही चाचणी साधी आहे. भांडं बदललं तरी आतलं पाणी तेवढंच राहतं, हे लहान मुलांना कळत नाही. पाणी उंच दिसलं की त्यांना ते जास्त वाटतं. साधारण सात-आठ वर्षांचं झालं की मूल म्हणतं, “वेगळं कुठून येणार, तुम्ही नुसतं ओतलंत.” म्हणजे त्याचा विचार डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे गेला. महाडला शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात सव्वीस वर्षं मी बालविकास हा विषय शिकवला. शरीर कसं वाढतं, विचार कसा वाढतो, चारचौघांत वागणं कसं येतं, बरंवाईट कसं कळायला लागतं, हे सगळं माझ्या विषयात. वाढीच्या पायऱ्या मला तोंडपाठ होत्या.

श्रावणी तिसरीत होती, आठ पूर्ण. रायगडाच्या पायथ्याकडच्या एका छोट्या शाळेत आमच्या मुली इंटर्नशिपला होत्या. श्रावणीला वाचन जमत नव्हतं. मुख्याध्यापक मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही तज्ज्ञ आहात. एक पान लिहून द्या. मग मला काहीतरी करता येईल.” मी तिथेच बसून पान लिहिलं. ‘विचारांचा विकास वयाच्या मानाने मागे.’ खाली सही, हुद्दा, तारीख. दहा मिनिटांचं काम.

आता वैशालीबद्दल सांगायला हवं. त्या आठ जणींतली ती सगळ्यात मोठी, अठ्ठावीसची. शिवथरकडच्या खोऱ्यातली. लग्नानंतर पाच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, मग शिकायला आली. लेखी पेपरात जेमतेम. पायऱ्यांची नावं उलटसुलट लिहायची. पण शाळेत पाऊल टाकलं की पहिलीची पोरं बाकं सोडून तिच्याकडे धावायची. शाळा सुटल्यावर तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला सात-आठ जणांची वरात निघायची. मी त्याच थांब्यावर उभी असायचे. मला सोडायला कधी कुणी आलं नाही. सव्वीस वर्षांत एकही मूल नाही.

मला तिचा हेवा वाटायचा. आज सरळ लिहिते, तेव्हा मी त्याला ‘शिस्त’ म्हणायचे. ती वर्गात ‘नाय’ म्हणाली की मी सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणायला लावायचे. निरीक्षण वहीत, म्हणजे तिचा पाठ बघून मी शेरा लिहायचे त्या वहीत, एकदा लिहिलं, ‘मुलांशी जवळीक जास्त, अध्यापन कमी.’ तो पाठ उत्तम झाला होता. मुलं हात वर करून करून दमली होती. मी मागच्या बाकावर बसून ते पाहत होते, आणि तिची चूक शोधत होते.

चाचणीनंतर दोन आठवड्यांनी वैशाली स्टाफरूममध्ये आली. हातात वही.

“मॅडम, श्रावणीचं परत बघितलं मी. तिला कळतं.”

“काय कळतं?”

“पाणी तेवढंच राहतं ते. मी ओतायच्या आधी काय विचारलंच नाय. नाही. ओतल्यावर एकदाच विचारलं. बरोबर सांगितलं तिनं. कारण पण सांगितलं. मी लिहून आणलंय.”

तिनं वही पुढे केली. मी पहिलं पान वाचलं. अक्षर वाकडंतिकडं, शुद्धलेखनाच्या चुका.

“तू चाचणीची पद्धत बदललीस. दोन प्रश्न असतात, तू एकच विचारलास. अशी नोंद धरता येत नाही.”

“पण मॅडम, पुढच्या पानावर ती काय म्हणाली ते...”

“वैशाली, आधी पद्धत शीक. मग शास्त्र सुधार.”

बाकीच्या दोघी-तिघी हसल्या. ती वही घेऊन गेली. मी नियमाने अगदी बरोबर बोलले होते, त्यामुळे मला फार बरं वाटलं. तिच्या इंटर्नशिपच्या तक्त्यात मी ‘क’ श्रेणी टाकली.

त्यानंतरच्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. थेट प्राचार्यांना. प्राचार्यांनी मला बोलावून फोन माझ्या हातात दिला.

“मॅडम, ती श्रावणी पाच दिवस शाळेत नाही. तुमच्या कागदावरून मी तिला वाचनासाठी पहिलीत बसवली होती. आईला विचारलं तर म्हणते, पाठवणार नाही.”

“पहिलीत? मी असं लिहिलं नव्हतं.”

“मागे आहे असं लिहिलंत ना? मग मी मागे बसवली.”

प्राचार्य शांत माणूस. त्यांनी एवढंच म्हटलं, “सही तुमची आहे. तुम्हीच जाऊन या.”

हिरकणीवाडीत रोपवेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत श्रावणीच्या आईचा ताक आणि कोकम सरबताचा स्टॉल होता. मी पोचले तेव्हा मुंबईचा एक मोठा ग्रुप गडावरून उतरला होता. श्रावणी एका स्टीलच्या ग्लासाने ताक मोजून प्लास्टिकच्या ग्लासांत ओतत होती. काही ग्लास बसके, काही उंच. एक काकू म्हणाल्या, “ए, मला तो उंच दे, त्यात जास्त आहे.”

श्रावणी मान वर न करता म्हणाली, “माप एकच हाय, काकू. ग्लास बारीक हाय म्हून तसा दिसतो.”

मी जागच्या जागी उभी राहिले. आठ वर्षांची मुलगी गिऱ्हाइकाला माझा धडा शिकवत होती.

तिच्या आईनं मला ओळखलं. “तुम्हीच त्या कॉलेजच्या बाई ना? कागद लिवलात त्या?”

“हो.”

“पोरगी माझ्या खांद्याला लागते. तिला शेंबड्या पोरांत बसवलीन. शेजारचा पोरगा तिला बालवाडी म्हणतो. घरी येऊन जेवली नाय ती. तुमाला काय वाटतं, तिला लाज नाय?”

मी कॉलेजात शिकवायचे की या वयात मुलाला बरोबरीच्या मुलांत आपली जागा काय, हे सगळ्यात महत्त्वाचं असतं. परीक्षेत तो प्रश्न हमखास यायचा.

गर्दी ओसरल्यावर मी श्रावणीजवळ बाकड्यावर बसले. “श्रावणी, तुला हे कळतं. मग त्या दिवशी मला उंच ग्लासात जास्त असं का सांगितलंस?”

ती आईकडे बघायला लागली.

“सांग गो, घाबरू नको,” आई म्हणाली.

“तुमी दोनदा इचारलंत.”

“मग?”

“गुर्जी दोनदा इचारतात तवा पयलं चुकलेलं असतं. म्हून मी बदललं.”

एवढंच. ती पाण्याबद्दल विचार करत नव्हती. ती माझ्याबद्दल विचार करत होती. मोठी माणसं तोच प्रश्न पुन्हा का विचारतात, हे तिनं शाळेत बसून नीट शिकून घेतलं होतं. तिच्या उत्तरात चूक नव्हती. चूक माझ्या विचारण्यात होती.

मी आईला विचारलं, “मग वाचन का येत नाही?”

आता ती जरा नरमली. “सुट्ट्या लागून आल्या की गर्दी असते. शनवारी, सोमवारी मीच ठेवून घेते. एकटीला उरकत नाय ओ.” त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिनं कबूल केलं की सोमवारी तरी पाठवेन. पुढे तिनं ते निम्म्या वेळा पाळलं.

कॉलेजात परत आल्यावर मी वैशालीची वही मागवली. पुढचं पान उलटलं. तिथे तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रावणी म्हणते बाईंनी दोनदा विचारले म्हणून पहिले चुकले असे वाटले.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘चाचणी मुलाला कशी वाटते हे पण बघायला हवे का?’ प्रश्नचिन्ह घालून. मला विचारत होती ती. आणि हे सगळं माझ्या टेबलावर आलं होतं, मुलगी पहिलीत बसायच्या आधी.

मी मुख्याध्यापकांना नवं पत्र लिहायला घेतलं. ‘माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता. पुन्हा तपासणी केली असता असे आढळले की...’ लिहून झालं. वाचून पाहिलं. त्यात वैशालीचं नाव कुठेच नव्हतं. मला ते दिसलं, आणि तसंच ठेवून मी पत्र प्राचार्यांकडे नेलं.

त्यांनी वाचलं. “छान. पण हे पुन्हा तपासायचं सुचलं कसं?”

मी पत्र परत हातात घेतलं. ते वाट बघत होते.

“वैशालीला सुचलं. तिनं मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

“मग तसं लिहा.”

लिहिलं. माझ्याच विषयात असं आहे की लहान मूल शिक्षेच्या भीतीनं खरं वागतं, आणि वाढत्या वयात माणूस कुणी बघत नसतानाही खरं वागायला लागतो. मी चोपन्न वर्षांची होते आणि प्राचार्य समोर बसले होते म्हणून खरं बोलले. मी कुठल्या पायरीवर होते ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं.

वैशालीला मी जिन्यात गाठलं. “माझं चुकलं. तुझी वही मी पूर्ण वाचायला हवी होती.”

“श्रावणी बसली का परत तिसरीत?”

“बसली. काल आली शाळेत.”

“मग झालं, मॅडम.” आणि ती खाली उतरून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला एवढं सहज जमतं, याचाही मला हेवाच वाटला.

तक्त्यात मी ‘क’ खोडून ‘ब’ केला. मन मोठं केल्यासारखं वाटलं. तक्ता दोन दिवस टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी ‘ब’ खोडून ‘अ’ केला आणि खाडाखोडीवर सही केली. क्लार्क म्हणाला, “मॅडम, एकाच रकान्यात किती वेळा?” मी म्हटलं, “आता बास.”

या गोष्टीला चार वर्षं झाली. श्रावणी आता सातवीत आहे. वाचते, पण अडखळत. गणितात पुढे आहे. वैशालीला पोलादपूरजवळ एका शाळेत नोकरी लागली. मी निवृत्त झाले. मागच्या महिन्यात महाबळेश्वरला जाताना ती मला रस्त्यात दिसली, भोवती डझनभर पोरं. मी गाडी थांबवली नाही. हेवा अजून तसाच होता. श्रावणीच्या कागदावर सही केली त्या दिवशीही तो होताच. तो जात नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून नव्या शिक्षकांनी सल्ला विचारला की मी एकच देते. ज्या दिवशी कुणाचा हेवा वाटत असेल, त्या दिवशी कुणाच्याही मुलाबद्दलच्या कागदावर सही करू नका. दुसऱ्या दिवशी करा.