वाळू कमरेखाली

गिमा ओजींचा डावा डोळा माशाच्या काट्याने गेला, असं आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ही हकिकत ओजींनी स्वतःच पसरवली होती. खरी हकिकत फक्त तिघांना ठाऊक होती: ओजींना, त्यांच्या बायकोला आणि मला. त्या दोघांनी ती माझ्यासाठी गिळली. मी स्वतःसाठी गिळली, तीही थोडीथोडकी नाही, सत्तावीस वर्षं.

ओकिनावाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शंभर घरांच्या गावात गिमा सेइको नावाचा कोळी म्हणजे कुणी मोठा माणूस नव्हे. बुटका, मान जाड, पायाची बोटं पसरलेली. पहाटे समुद्रावर, दुपारी झोप, उन्हं कलली की घरामागे फुकुगीच्या झाडांखाली आम्हा चार-पाच पोरांना काठी आणि वल्हं शिकवायचे. सगळं गाव त्यांना ओजी म्हणायचं, आजोबा. पांढरा पोशाख नाही, पट्टे नाहीत, भिंतीवर पाटी नाही. अंगात गंजीफ्रॉक आणि त्याला मासळीचा वास.

मी तेराव्या वर्षी त्यांच्याकडे गेलो. पहिलं वर्षभर त्यांनी माझ्या हातात शस्त्र म्हणून काही दिलंच नाही, नुसती होडी वल्हवायला लावली. माझी आई वैतागून म्हणायची, "तोकु, तू विद्या शिकतोयस की ओजींना फुकटचा गडी मिळालाय?" मी हे ओजींना सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही. वल्हं आधी पाण्यात कळतं, मग हातात."

मग जोडीचा खेळ आला. एकाकडे काठी, दुसऱ्याकडे वल्हं, आणि घाव सगळे ठरलेले: कुठला कधी येणार, कुणी कसा अडवायचा. त्यात मध्यावर एक जागा आहे, जी फक्त आम्हा कोळ्यांच्या खेळात असते. वल्ह्याचं पातं वाळूत खुपसायचं आणि झटका देऊन ओंजळभर वाळू समोरच्यावर उडवायची. आमची वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा, काचेइतकी धारदार. म्हणून ओजींचे त्या जागेचे नियम दोन होते. टाकणाऱ्याने वाळू कमरेखाली टाकायची. आणि समोरच्याने डोळे मिटायचे नाहीत.

दुसरा नियम शिकताना माझा जीव मेटाकुटीला आला. ओजी वाळू उडवायचे, ती माझ्या गुडघ्यांवर यायची, आणि माझ्या पापण्या आपोआप मिटायच्या.

"डोळे का मिटलेस?"

"आपोआप मिटतात, ओजी."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे की!"

"मग पापण्यांनाही सांग तसं. पुन्हा पहिल्यापासून."

मिटले की पुन्हा पहिल्यापासून. एकेका संध्याकाळी तीस तीस वेळा. त्यांचं म्हणणं साधं होतं. जोडी म्हणजे शब्द दिलेला असतो. डोळे मिटणारा समोरच्याच्या शब्दावर शंका घेतो, आणि वाळू वर टाकणारा तर शब्दच मोडतो. सहा वर्षांत माझ्या पापण्या शिकल्या. बाकीचा मी शिकलो नाही, ते पुढे कळलंच.

मी एकोणीस वर्षांचा होतो, त्या वर्षीच्या होड्यांच्या शर्यतीचा दिवस. पाचव्या चांद्र महिन्याची चतुर्थी, आम्हा कोळ्यांचा वर्षाचा सण. सकाळी शर्यती झाल्या, आमची आळी हरली, भांडणंही रीतसर झाली. मग किनाऱ्यावर काठी-वल्ह्याचे खेळ होणार होते. नाहा शहरातल्या एका मोठ्या तालमीतले तिघे जण ते बघायला आले होते, इस्त्रीचे पांढरे पोशाख घालून. आमच्या बायकांनी तळलेले गुळमट गोळे त्यांच्या हातात दिले होते. त्यातला एक तेलकट बोटं पुसत ओजींना म्हणाला, "तुमचा खेळ देखणा आहे हो. पण ती वाळू म्हणजे नाचातली गंमत, नाही का? खऱ्या माणसावर काय चालणार?"

मला वाटलं, ओजी आता त्याला चार शब्द सुनावतील. ओजी हसले. "नाचच आहे, साहेब. कोळ्यांना दुसरं काय येतं?"

तिघेही हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं रक्त आटवलं, ते काय नाच म्हणून? ओजींचाही राग आला, त्या साहेबांपेक्षा जास्त.

आमची जोडी उभी राहिली. त्यांच्याकडे काठी, माझ्याकडे वल्हं. वाकून नमस्कार झाला, पहिले घाव नेहमीसारखे पडले. मग ती जागा आली. मी पातं वाळूत खुपसलं आणि झटका दिला तो थेट त्यांच्या तोंडावर.

हात घसरला नव्हता. वारा फिरला नव्हता. हे लिहूनच ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला यातलं एकेक पटवून पाहिलं. मी ठरवून टाकली. आणि ओजींनी डोळे मिटले नाहीत. इतकी वर्षं मला जे शिकवलं, ते त्यांनी त्या क्षणीही पाळलं. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून तो माणूस उघड्या डोळ्यांनी उभा राहिला.

तोंडभर पांढरी वाळू चिकटलेली, आणि तरी उरलेले सातही घाव त्यांनी बिनचूक अडवले. कसे, ते मला आजही ठाऊक नाही. शेवटचा नमस्कार झाला. पाहुणे टाळ्या वाजवत पुढे आले. "अहो, खरोखरच टाकली की!"

"टाकणारच," ओजी म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्याला. पाहुण्यांना खरं काय ते दाखव म्हटलं." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? मी पाहुण्यांकडे वळलो आणि वाकून शाबासकी घेतली.

दुपारी त्यांच्या घरी गेलो, तर नाबे ओबा, म्हणजे नाबे आजी, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन किटलीने डोळ्यात पाणी सोडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आज वाळू बरीच वर गेली रे तुझी, तोकु."

"ओबा, ते मी..."

"तू पाणी ओत गं," ओजी म्हणाले. "बडबड नको."

मी उंबऱ्यावरूनच घरी आलो.

दुसऱ्या पहाटे ओजी समुद्रावर गेले. डॉक्टरकडे गेले असते तर काय झालं म्हणून सांगावं लागलं असतं, म्हणून गेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात डोळा पांढरा पडला. तोपर्यंत माशाच्या काट्याची गोष्ट तयार होती. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही. होडीतून धक्क्यावर उडी मारताना त्यांचा पाय दोनदा चुकला, दुसऱ्यांदा नडगी सोलून निघाली. त्या हिवाळ्यात त्यांनी होडी किनाऱ्यावर उलटी घातली ती कायमची. एकसष्टाव्या वर्षी हा कोळी दुसऱ्यांची जाळी विणत घरात बसला.

आणि मी? मला नाहाच्या तालमीतून बोलावणं आलं. जपानी नियमाप्रमाणे आमच्या रस्त्यांवरच्या गाड्या उजव्या बाजूऐवजी डावीकडून धावू लागल्या, त्याच महिन्यात मी गाव सोडलं. चिनेन माझं आडनाव; तिथे मी हां हां म्हणता 'वल्ह्याचा चिनेन' झालो. प्रदर्शनात मी वाळू उंच उडवायचो, लोक टाळ्या वाजवायचे. गुरू कोण, असं विचारलं की छाती काढून ओजींचं नाव सांगायचो. निर्लज्जपणाला काही सुमार? दर नववर्षाला गावी जायचो, तांदळाच्या दारूची बाटली त्यांच्यापुढे ठेवायचो. बसायचो मात्र त्यांच्या डाव्या बाजूला, जिथून त्यांना मी दिसत नसे.

ओजींना अठ्ठ्याऐंशीवं लागलं तेव्हा गावाने रीतीप्रमाणे सोहळा केला. तांदळाने शिगोशीग भरलेलं माप, त्यात खोवलेला, माप सपाट करायचा बांबूचा तुकडा, लाल अंगरखा घालून मधोमध बसलेले ओजी. सकाळीच अंगण भरलं होतं. कुणीतरी म्हणालं, जुना शिष्य म्हणून चिनेननं दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. दोन शब्द पाठ करून आणले होते, गोड गोड. ओजींनी मला नीट पाहता यावं म्हणून मान पूर्ण वळवली, उजवा डोळा माझ्याकडे केला, आणि मी पाठ केलेले शब्द सोडून दिले.

"तो डोळा मी घालवला," मी म्हणालो. "वाळू टाकायला ओजींनी सांगितलं नव्हतं. माझी मीच टाकली, तोंडावर. माशाचा काटा वगैरे सगळं मला वाचवायला."

माझी पोरं, माझे विद्यार्थी, सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी चटईवर कपाळ टेकलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

आधी नाबे ओबा बोलल्या. "बोललास बाबा एकदाचा. मला वाटलं, आम्हाला थडग्यात ठेवल्यावर बोलशील."

"काहीतरी नवीन सांग," ओजी म्हणाले. "डोळा माझाच होता."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मला ते हसू नको होतं. मला शिव्या हव्या होत्या. निदान कुणी उठून कानाखाली तरी वाजवायची होती.

ओजी नातवाचा हात धरून उठले. "माझी काठी आणा. याला वल्हं द्या."

"अहो, या वयात!" ओबा म्हणाल्या.

"आणा म्हटलं ना."

अंगणात किनाऱ्यावरचीच पांढरी वाळू पसरलेली होती. आम्ही समोरासमोर वाकलो. घाव अगदी सावकाश, लहान मुलांना शिकवताना टाकतात तसे. ती जागा आली. मी पातं वाळूत खुपसलं, आणि तसंच रुतवून ठेवलं. समोर तो एकच डोळा सताड उघडा होता.

"टाक," ओजी म्हणाले.

"नाही जमत, ओजी."

"तोकु, कमरेखाली. टाक."

मी टाकली. वाळू त्यांच्या पायाशी पडली, बरोबर जिथे पडायला हवी तिथे. त्यांची पापणी हललीसुद्धा नाही, असं ओबांनी मला नंतर सांगितलं. मला ते दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले होते.

काठीचं टोक माझ्या छातीला हलकेच लागलं. "पुन्हा पहिल्यापासून," ओजी म्हणाले.