पहिलं नाव साहेबांचं

बाबांचा एक ठाम सिद्धांत होता: पेपर कुणीही लिहो, पहिलं नाव साहेबांचं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकवताना जन्मभर त्यांनी हेच केलं. आकडे त्यांचे, जागरणं त्यांची आणि नाव विभागप्रमुखांच्या मागे कुठेतरी तिसरं-चौथं. "आपल्याला नोकरी करायची असते, बाई," एवढंच म्हणायचे.

आईबाबा इंग्लंडला साउथहॅम्प्टनमध्ये माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी तिथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर होते. सकाळी वॉर्ड राउंड, दुपारी विद्यार्थ्यांना शिकवणं आणि उरल्यासुरल्या वेळात वृद्धांच्या न्यूमोनियावरचा माझा पेपर. कन्सल्टंटच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती आणि पहिलं नाव माझं असा एकही पेपर माझ्या गाठीशी नव्हता. तो हवाच होता. तरी लिहून झाल्यावर माझ्या हातांनी आपसूक साहेबांचं नाव आधी टाइप केलं. मागे उभे राहून बाबा पसंतीची मान डोलावत होते. संस्कार म्हणतात ते हेच!

साहेब म्हणजे सायकलवरून येणारे, सगळ्यांनी पहिल्या नावाने हाक मारावी असा हट्ट धरणारे ताडमाड इंग्रज. मला ते कधी जमलं नाही. त्यांना हाकच मारायची नाही, असा मार्ग मी काढला होता. पेपर वाचून त्यांनी मला बोलावलं.

"हे काम मी केलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण बॉस तुम्ही आहात."

ते इतके हसले की बाहेरची सिस्टर डोकावली. "मी फक्त तुझे स्वल्पविराम हलवले," म्हणत त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि शेवटी लिहिलं. मी तरंगतच घरी आले.

बाबांचा चेहरा मात्र उतरला. "रागावले नाहीत ना गं ते? काहीतरी फराळाचं नेऊन दे." आईने चकल्यांचा डबा भरून दिला. साहेबांनी तो कुणाला न देता एकट्याने संपवला.

पेपर छापून आला तो अंक मी बाबांपुढे ठेवला. लग्नानंतरही डॉक्टर म्हणून माझं नाव माहेरचंच होतं. त्यामुळे सगळ्यांत आधी आमचं आडनाव, मग माझं आद्याक्षर आणि त्याला खेटून बाबांच्या नावाचं. बाबांनी चष्मा पुसला, बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"आडनाव माझं, हे अक्षरही माझं," ते म्हणाले. "अगं, मी पहिला आलो!"

मला हसूही आलं आणि रडूही. आईने जेवायला दोनदा हाक मारली, कुणीच हललं नाही.

पुढे मुलाखत झाली, नोकरी मिळाली. बाबा तोवर नागपूरला परतले होते. फोनवर बातमी सांगितली, तर म्हणाले, "छान, छान. आपला पुढचा पेपर कधी?"