टाकीवरचे भाऊ

मी धुळ्यात पाणीपुरवठ्याला व्हॉल्व्हमन होतो, तेव्हाची गोष्ट. गावात भाऊ म्हणून एक हिंदुत्ववादी कार्यकर्ते होते. त्यांच्या आंदोलनांना सगळ्या कचेऱ्या टरकून असत. गोशाळेच्या जागेसाठी त्यांनी अर्धी मिशी भादरली आणि जागा मिळेपर्यंत तसेच हिंडले. एकदा मारुती मंदिराजवळ नळ हवा म्हणून भगवं उपरणं उडवत ते थेट पाण्याच्या टाकीवर चढले.

"नळ द्या, नाहीतर उडी मारतो!"

दुपारी आमच्या साहेबांनी खालून कर्ण्यावर मागणी मान्य केली. जयघोष झाला, पण भाऊ काही उतरेनात. आता आणखी काय हवंय, ते विचारायला साहेबांनी मला वर पाठवलं.

वर भाऊ कठड्याला मिठी मारून बसलेले. माझ्या कानात पुटपुटले, "चढताना वर देखं व्हतं. आते खाले देखं का पाय कापतस. कोणले सांगू नका."

मी त्यांचंच उपरणं त्यांच्या डोळ्यांवर बांधलं आणि एकेका पायरीवर त्यांचा पाय टेकवत त्यांना खाली आणलं. जमीन लागताच भाऊ गरजले, "भ्रष्ट प्रशासनाचं तोंड पाहायचं नाही, म्हणून डोळे बांधले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मान खाली घातली. मीही टाळ्या वाजवल्या. उंचीला एवढा भिणारा माणूस नळासाठी तिथवर चढला, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

नळाला पाणी आलं त्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढलं आंदोलन विहीरमा शे. तुमले पव्हता येस ना?"