गोधड्यांचा स्टुडिओ

चारोटीच्या स्टुडिओवाल्याचं आधी कॅसेटचं दुकान होतं. आमच्याकडची निम्मी लग्नाची गाणी त्याच्याच गोधड्या टांगलेल्या खोलीत भरली. गाणं भरताना तो पंखा बंद करतो, हातातलं घड्याळसुद्धा बाहेर ठेवतो.

मी तारपा फुंकायला लागलो तसा म्हणाला, "काका, हलू नका ना! आवाज पळतो."

"नाचाशिवाय तारपा वाजत नाही. पाय थांबले की तोही थांबतो."

"मग कीबोर्डवर वाजवून घेऊ?"

"घे. माझं नाव लावू नको त्याला."

तारपा काखेत मारून मी दाराशी गेलो. त्यानं चपला काढल्या, माइक हातात धरला.

"चला, काका."

माझ्यापुढे तो उलटा चालत गोल फिरला. घामानं भिजला, पण गाणं संपेपर्यंत थांबा म्हणाला नाही.