अल्विनाचा संध्याकाळचा झेंडा

आमच्या गावात कुणी माझा पत्ता विचारला की मी सांगते, चर्चवरून सरळ या, जिथे काठीवर भलताच झेंडा दिसेल ते अल्विना ट्वाइटचं घर, त्याच्या समोरचं माझं. इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, घरोघरी अंगणात काठी असते आणि काठीवर देशाचा झेंडा असतो. त्यात कुणाला काही नवल नाही. अल्विनाच्या काठीवर मात्र आज तेरा ताऱ्यांचं वर्तुळ, उद्या पाईनचं झाड, परवा पिवळ्या कापडावर वेटोळं घालून बसलेला साप. सगळे जुने झेंडे, आणि बहुतेक तिनं स्वतः शिवलेले. शाळेतली मुलं बघायला यायची, तेव्हा ती त्यांना एकेक झेंड्याची गोष्ट सांगायची आणि वर बिस्किटं द्यायची. एका निवडणुकीच्या वर्षी एका बाजूच्या लोकांनी तोच साप आपली खूण म्हणून उचलला, तेव्हा त्यावरून एकानं गाडीचा भोंगा वाजवून शाबासकी दिली आणि दुसऱ्यानं अंडी फेकली. अल्विना फाटकाशी उभी राहून ओरडली, "अडीचशे वर्षांचा म्हातारा साप आहे तो! तुमच्या निवडणुकीत नाही उभा राहिलेला!"

गावाला वाटायचं, बाईला छंद आहे. मी समोर राहते, म्हणून मला ठाऊक होतं. दिवसाचे झेंडे मुलांसाठी आणि गावाचं तोंड बंद ठेवण्यासाठी होते. सूर्य टेकला की ती चालू झेंडा उतरवायची, घडी घालायची आणि अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा झेंडा पार टोकापर्यंत चढवायची. मग काठीच्या बुडाशी दिवा लावायची. तो सकाळपर्यंत जळायचा.

तो झेंडा तिच्या भावासाठी होता. ऑर्लिन कोरियाच्या लढाईवर गेला तेव्हा देशाच्या झेंड्यावर तारे अठ्ठेचाळीसच होते, राज्यागणिक एक. तो एकोणीस वर्षांचा, अल्विना अकरा. पहिल्याच हिवाळ्यात, बर्फातून फौज मागे हटताना तो दिसेनासा झाला. तार आली, तिच्यात 'बेपत्ता' लिहिलं होतं. मेला असं कुणी लिहिलं नव्हतं, आणि त्यांच्या आईनं त्या एका शब्दाला धरून उरलेलं आयुष्य काढलं. पुढे दोन नवी राज्यं आली, तारे पन्नास झाले, गावानं नवे झेंडे आणले. आई म्हणाली, "जाताना त्यानं हाच बघितलाय. अनोळखी झेंडा दिसला तर दुसऱ्याचं घर समजून पुढे जाईल पोरगा."

अखेरच्या आजारात तिनं अल्विनाचं मनगट धरून आणखी एक गोष्ट सांगितली. ही मला अल्विनानं सांगितली, तेव्हा भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला होता. आई म्हणाली, "काहीही झालं तरी या काठीवरचा झेंडा अर्ध्यावर आणू नकोस. तो रस्त्याच्या वळणावरून बघेल. घरात दुखवटा दिसला की त्याला वाटेल, मीच मेलोय. आणि वाटेतूनच परत जाईल."

त्यानंतर अल्विनानं झेंडा कधी अर्ध्यावर आणला नाही. आईच्या अंत्यविधीलासुद्धा नाही.

यावरून गावानं तिला कमी छळलं नाही. शेजारच्या वाडीतला एक मुलगा इराकमध्ये मारला गेला, तेव्हा सगळ्या गावाचे झेंडे अर्ध्यावर होते आणि अल्विनाची काठी नुसती मोकळी. माजी सैनिकांच्या क्लबातला डेल्बर्ट ओसेन तरातरा तिच्या अंगणात गेला. मी माझ्या ओसरीवरून सगळं ऐकत होते. ऐकू येत होतं त्याला मी काय करू?

"अल्विना, त्या पोराची आई या रस्त्यानं जाणार आहे. तिला काय वाटेल?"

"तिला मी काल भेटून आले. तिला कळलं."

"मला नाही कळत!"

"तुला कसं कळेल डेल्बर्ट? तुझा भाऊ रोज तुझ्याशी पत्ते खेळतो."

डेल्बर्ट फाटक आपटून निघून गेला. क्लबात जाऊन म्हणाला, बाई डोक्यावर पडलीय.

पडली होती की नव्हती ते मला सांगता येणार नाही. मी पक्की ल्युथरन ख्रिस्ती, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण एका जानेवारीत मी तिच्याकडे सूप घेऊन गेले होते. नुकतंच अंधारून आलं होतं, वारा अजिबात नव्हता, बर्फसुद्धा सरळ खाली पडत होता. आणि बाहेर काठीवर दोरीची कडी वाजली. टण, टण, टण. मग गप्प. लहानपणी ऑर्लिन शाळेतून आला की दोरीला असाच हिसका द्यायचा म्हणे. अल्विना उठली, तिनं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. बर्फ आत येऊ लागला, सुपावर साय धरली, माझे दात वाजू लागले. पण ते दार लाव म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दिव्याच्या उजेडात काठीखाली कुणी नव्हतं, हे मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं नाही.

लाइल नावाचा एक बरा माणूस तिच्या मागे होता. दुधाची गाडी चालवायचा. इथल्या रीतीप्रमाणे दर शुक्रवारी रात्री खाणावळीत तळलेले मासे खायला चल म्हणायचा. ती म्हणायची, "अंधार पडायच्या आत परत आणणार असशील तर येते." शुक्रवारचे मासे उन्हात कोण खातं? दोन वर्षं वाट बघून लाइलनं दुसरीशी लग्न केलं.

अल्विना ऐंशीची झाली त्या उन्हाळ्यात सकाळीच तिचा फोन आला. "मार्लिस, ये. कॉफी तू कर. घरी पाहुणे बसलेत."

तिच्या स्वयंपाकघरात आमचे पाद्री बसले होते आणि लष्कराचा एक तरुण कॅप्टन, रेयेस नावाचा. कोरियातून काही हाडं परत आली होती. चुलतभावाच्या आग्रहावरून अल्विनानं फार पूर्वी आपली लाळ तपासायला दिली होती. तिच्यातला डीएनए त्या हाडांशी जुळला होता. कॅप्टन हळूहळू, नीट सांगत होता. चांगल्या घरचा वाटला मुलगा.

अल्विनानं विचारलं, "किती आहे तो?"

कॅप्टनला समजायला जरा वेळ लागला. "मांडीचं हाड आहे, बाई. आणि खांद्याचं. काही दात."

"आणि बाकीचा?"

"सापडला नाही."

"म्हणजे बाकीचा अजून वाटेतच आहे," ती म्हणाली.

कॉफीला कुणी हात लावला नाही. ते दोघे गेल्यावर माझा संयम सुटला. "पुरे कर आता, अल्विना! भावाला मातीत घाल आणि जरा नीट झोप."

"घालीन गं. पण झेंडा अर्ध्यावर न आणता कशी घालू? आणि आणला तर आईला काय सांगू?"

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. डेल्बर्ट काठी टेकत आला. आता त्याचा भाऊही गेला होता आणि आवाज पार उतरला होता. "तू आत बस अल्विना. मी उतरवतो. तुझ्या हातून नको व्हायला."

"दोरीला हात लावू नकोस," ती म्हणाली, पण पूर्वीसारखी नाही. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली.

शनिवारी शवपेटी यायची होती. विमानाला उशीर झाला, त्यामुळे गाडी गावात शिरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं. अल्विनानं त्या दिवशी सकाळीच अठ्ठेचाळीसचा झेंडा चढवला होता, पार टोकाला. तारे पन्नास झाल्यापासून तो पहिल्यांदाच दिवसा वर होता. आणि तो किती विटलाय, हे गावाला पहिल्यांदाच दिसलं. तिनं कॅप्टनला एकच विनंती केली होती, वळणावर गाडी थोडी थांबवा.

गाडी थांबली. पेटीवर पन्नास ताऱ्यांचा झेंडा होता, नवाकोरा. अल्विना दोरी धरून उभी होती आणि खाली घेत नव्हती. लोक चुळबुळ करू लागले. मी जवळ जाऊन म्हटलं, "अगं, सगळे थांबलेत."

"थांबू देत. आधी त्याला घर बघू दे."

किती वेळ गेला, मला खरंच सांगता येणार नाही. वाऱ्यानं झेंडा पूर्ण उलगडला, पुन्हा पडला. मग ती वळणाकडे बघून, अंगणातून हाक मारावी तशी मोठ्यानं म्हणाली, "ऑर्लिन, हा झेंडा तुझ्यासाठी उतरवतेय. तूच गेलायस. घाबरू नकोस, आत ये." आणि एका हातानं सोडत, दुसऱ्यानं आवळत, तिनं झेंडा अर्ध्यावर आणला. डेल्बर्टनं सलाम ठोकला. मी रस्त्यात उभी राहून ओक्साबोक्शी रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि भाजलेल्या बटाट्यांचं जेवण होतं. अल्विना पोटभर जेवली. माझ्याबरोबर ती घरी आली तेव्हा सूर्य टेकत होता. नियमाप्रमाणे तिनं झेंडा एकदा टोकाला नेला, मग पूर्ण उतरवला. आम्ही दोघींनी त्याची तिकोनी घडी घातली. ती आत ठेवून आली, ओसरीच्या पायरीवर बसली आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. रस्त्यावरून एक गाडी गेली. ती उठली नाही.

आजूबाजूच्या घरांत दिवे लागू लागले होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"मार्लिस," ती म्हणाली, "संध्याकाळी काय करतात गं लोक?"